अर्थाअर्थी : मॉडेल चुकतं तिथे थांबून पाहा

गेल्या अंकात मंदी आणि अर्थतज्ज्ञांची मॉडेल्स, म्हणजे अर्थव्यवस्था कशी चालते याची समीकरणांतली मांडणी, या विषयावर प्रश्न मागवले होते. ईमेल आलेच, शिवाय एका गृहस्थांनी आमच्या इमारतीच्या वॉचमनकडे चिठ्ठी ठेवली. म्युच्युअल फंडातले पैसे आत्ता काढावेत का, असं विचारणारी पत्रं बाजूला ठेवली आहेत. परळच्या कॉलेजात मी समग्रलक्षी अर्थशास्त्र शिकवलं, त्यात हा धडा नव्हता.

प्रश्न : मंदी आली की नाही हे आम्हाला गल्ल्यावर बसून कळतं. तुमचे तज्ज्ञ सहा महिन्यांनी आकडा घेऊन येतात. मग एवढी गणितं मांडायची कशाला? (साड्यांचे दुकानदार, दादर पश्चिम)

उत्तर : गल्ल्यावर तुम्हाला तुमच्या दुकानाची मंदी कळते. गिऱ्हाईक ऑनलाइन वळलं, समोरच्या फुटपाथवर सेल लागला, यंदा लग्नाचे मुहूर्त कमी निघाले, तरी गल्ला तसाच दिसतो. यातलं कुठलं कारण साऱ्या देशाचं आणि कुठलं रानडे रोडपुरतं, हे त्यावरून सांगता येत नाही.

सहा महिने म्हणताना मात्र तुम्ही तज्ज्ञांना सवलतच दिलीत. अमेरिकेत मंदीच्या तारखा ठरवणारी अर्थतज्ज्ञांची एक समिती आहे. डिसेंबर २००७ मध्ये सुरू झालेली मंदी तिने जाहीर केली १ डिसेंबर २००८ रोजी. तोवर लेहमन ब्रदर्स बुडून अडीच महिने झाले होते. आपल्याकडे अशी अधिकृत समिती नाही. सलग दोन तिमाह्या जीडीपी घटला की मंदी म्हणायचं, या ठोकताळ्यावर काम चालतं. शिवाय तिमाहीचा आकडा तिमाही संपल्यावर दोन महिन्यांनी हाती येतो. एप्रिल ते जून २०२० मध्ये जीडीपी २३.९ टक्क्यांनी घसरला, हे आपल्याला ३१ ऑगस्टला समजलं.

ही दोन महिन्यांची फट भरण्यासाठी एका जातीची मॉडेल्स वापरतात. मालवाहतूक, विजेची मागणी, वाहनविक्री, करवसुली असे दर महिन्याला मिळणारे आकडे एकत्र गुंफायचे आणि सरकारी आकडा येण्याआधीच त्या तिमाहीचा अंदाज बांधायचा. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०२० च्या मासिकात अशा २७ मासिक आकड्यांवरून जुलै-सप्टेंबरमध्ये ८.६ टक्के घट होईल असा अंदाज छापला होता. २७ नोव्हेंबरला सरकारी आकडा आला, ७.५ टक्के घट. टक्काभर फरकाला मी तरी नावं ठेवणार नाही. पण लक्षात घ्या, हे भविष्य नव्हतं. जे घडून गेलं होतं तेच लवकर वाचण्याची ती खटपट होती.

आता तुमच्या बाजूने एक मुद्दा. तेव्हा तिमाही जीडीपी काढताना लहान, नोंद नसलेल्या धंद्यांची वेगळी मोजणी दर तिमाहीला होत नसे. मोठ्या, नोंदणीकृत कंपन्यांच्या हिशेबावरूनच त्यांचा बराचसा अंदाज बांधला जाई. बऱ्या दिवसांत दोघं साधारण बरोबरीने चालतात, तेव्हा हे खपून जातं. २०२० मध्ये मोठ्यांनी खर्च कापून नफा सावरला आणि छोट्यांची शटर बंद राहिली. तेव्हा तुमच्या गल्ल्याकडे जे दिसत होतं ते त्या २३.९ मध्ये पुरतं उतरलं असेल, असं मला वाटत नाही. ही माझी आकडेवाल्यांकडची जुनी तक्रार आहे.

प्रश्न : २०२० मध्ये यांच्या पगारात कपात झाली, तरी वर्षअखेरीस बँकेत नेहमीपेक्षा जास्त पैसे होते. उत्पन्न घटलं की बचत घटते असं बारावीला शिकले होते. आमचंच काही वेगळं आहे का? (गृहिणी, डोंबिवली)

उत्तर : तुमचंच नाही. रिझर्व्ह बँकेच्या अंदाजानुसार एप्रिल-जून २०२० मध्ये भारतीय कुटुंबांची वित्तीय बचत जीडीपीच्या २१ टक्क्यांपर्यंत गेली. यातला काही भाग छेदाचा खेळ आहे, कारण ज्या जीडीपीने भागायचं तोच आक्रसला होता. तरीही वाढ खरी होती. त्याच तिमाहीत खाजगी उपभोगखर्च २६.७ टक्क्यांनी घटला होता. बारावीच्या पुस्तकातलं समीकरण याच्या नेमकं उलट सांगतं.

समीकरण का फसलं ते पाहण्यासारखं आहे. १९४९ मध्ये बिल फिलिप्स या न्यूझीलंडच्या गृहस्थांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये पाण्यावर चालणारं अर्थव्यवस्थेचं मॉडेल दाखवलं होतं. पारदर्शक टाक्या, नळ्या, झडपा आणि पैसा म्हणून वाहणारं पाणी. बचत, कर, आयात एका वाटेने बाहेर, गुंतवणूक, सरकारी खर्च, निर्यात दुसऱ्या वाटेने आत. वर्गात ते समजावताना मी इमारतीच्या गच्चीवरची टाकी सांगायचे. पाणी किती चढलं आणि रोज किती सुटतं, यावरून संध्याकाळी किती उरेल ते सोसायटीचा सेक्रेटरी बिनचूक सांगतो. मात्र खाली ‘उद्या पाणी येणार नाही’ अशी पाटी लागली की घरोघरी पिंपं, बादल्या, कुकरसुद्धा भरले जातात आणि नऊच्या आत टाकी कोरडी. नळ्या त्याच, झडपा त्याच. सेक्रेटरीचा हिशेब पाटी नसलेल्या दिवसांवरून बसवलेला होता.

मॉडेलमध्ये शंभर रुपये हाती आले तर किती खर्च होतील यासाठी एक गुणांक असतो. तो जुन्या वर्षांच्या आकड्यांवरून काढलेला असतो. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट ल्युकास यांनी १९७६ मध्ये बजावलं होतं की धोरण बदललं की लोक आपलं वागणं बदलतात, म्हणून जुन्या गुणांकांवर नव्या धोरणाचा हिशेब करू नका. मला वाटतं, हेच मंदीलाही लागू आहे. मंदी म्हणजे फक्त उत्पन्नाचा आकडा खाली येणं नव्हे, त्या काळात गुणांकही जागचे हलतात. माझ्या मते मंदीचा अभ्यास म्हणजे कुठला गुणांक, कोणाचा, किती हलला याचा शोध.

तुमच्याच घराचं घ्या. पैसे साठले ते दोन कारणांनी. एक, खर्च करायला जागाच नव्हती. लोकल सामान्य प्रवाशांना बंद, हॉटेलं बंद, लग्नं पन्नास माणसांत. दोन, उद्याची भीती. ही दोन कारणं मॉडेलमध्ये वेगवेगळी घालून चालवता येतात आणि इथे मॉडेल खरोखर कामाला येतं. पहिलं कारण मोठं असेल तर दारं उघडताच बचत उतरायला हवी. दुसरं मोठं असेल तर उतरणार नाही. जुलै-सप्टेंबरमध्ये ती जीडीपीच्या १०.४ टक्क्यांवर आली. म्हणजे निम्म्याच्या आसपास सक्तीची होती, असं मी म्हणेन. उरलेल्या भीतीची चिंता अधिक, कारण तुम्ही न घेतलेली साडी हेच वर पत्र लिहिणाऱ्या दुकानदारांचं बुडालेलं उत्पन्न. केन्स यांनी १९३६ मध्ये मांडलेली अडचण ती हीच.

जाता जाता : बचत वाढली ती पगार चालू असलेल्या घरांची. तुमच्या घरी भांड्याला येणाऱ्या बाईंची त्याच महिन्यांत उरलीसुरली पुंजी संपली असेल. सरासरीत दोघी एकत्र होतात. २०१० मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी प्रचलित मॉडेल्सवर हाच ठपका ठेवला होता : सगळ्या देशाच्या जागी एकच प्रातिनिधिक कुटुंब, तेच कामगार, तेच मालक, तेच ग्राहक. त्यानंतर वेगवेगळ्या ऐपतीची कुटुंबं मांडणारी मॉडेल्स पुढे आली. ती चालवायला जड आहेत, पण भांडीवाल्या बाईंना त्यांत जागा आहे.

प्रश्न : पुढची मंदी कधी येणार, एका वाक्यात सांगा. (सेवानिवृत्त, विलेपार्ले)

उत्तर : ज्या धक्क्यातून ती येणार तो धक्का मॉडेलच्या बाहेरून येतो, त्यामुळे तारीख मॉडेलला ठाऊक नसते, धक्का बसल्यावर तो कुठून कुठे पोचेल एवढंच ते सांगू शकतं. एक वाक्य झालं.

प्रश्न : रेपो दर ५.१५ वरून ४ टक्क्यांवर आला. माझ्या गाळ्याला बँकेने एक रुपया वाढवून दिला नाही. मॉडेलमध्ये दर उतरला की कर्ज वाढतं ना? (लघुउद्योजक, साकीनाका)

उत्तर : साध्या मॉडेलमध्ये वाढतं, कारण त्यात बँकच नसते. दर आणि गुंतवणूक यांच्यात थेट तार जोडलेली असते.

रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने पैसे देते तो रेपो दर उतरला हे खरं. २७ मार्च २०२० ला रेपो ४.४ झाला, २२ मे रोजी ४. पण मधल्या एप्रिलची दुसरी बाजू पाहा. १५ एप्रिलला बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे रिव्हर्स रेपोत, म्हणजे व्याजाने अल्पकाळासाठी, ठेवलेली रक्कम ६.९ लाख कोटी रुपये होती. पैसा मुबलक होता आणि तो मिंट रोडवर, रिझर्व्ह बँकेच्या मुख्यालयी, मुक्कामाला होता. बँकेला तुमच्याकडून मिळणाऱ्या व्याजापेक्षा मुद्दल परत येईल का याचा घोर जास्त होता.

बर्नान्के, गर्टलर आणि गिलख्रिस्ट यांनी १९९९ मध्ये ही गोष्ट मॉडेलमध्ये बसवली. उद्योजकाची स्वतःची पत, म्हणजे मालमत्ता वजा देणी, जितकी भक्कम तितकं त्याला कर्ज स्वस्त. मंदीत मालमत्तेची किंमत पडते, पत घटते, बँक जास्त दर लावते किंवा नाहीच म्हणते, त्यामुळे धंदा आणखी आक्रसतो आणि पत आणखी घटते. वरून अर्धा टक्का उतरला तरी तुमच्यापर्यंत येताना तो वाटेतच जिरतो. तुम्ही लिहिलं आहे की गाळा भाड्याचा आहे. म्हणजे तारणाला यंत्रं आणि येणी. यंत्रं बंद, आणि येणी ज्यांच्याकडे होती तेही तुमच्यासारखेच अडकलेले. पागडीच्या जागेत दुकान असलेल्यांचीही हीच कथा : जागा पिढ्यान्‌पिढ्या ताब्यात, पण बँकेला तारण म्हणून नको.

सरकारने तीन लाख कोटींची हमी योजना आणली होती. तिची मेख अशी की २९ फेब्रुवारी २०२० ला जेवढं कर्ज बाकी होतं, त्याच्या २० टक्के वाढीव कर्ज मिळणार. ज्यांनी तोवर कर्जच घेतलं नव्हतं, मेहुण्याकडून आणि माल देणाऱ्याच्या उधारीवर धंदा चालवला, त्यांचे २० टक्के शून्याचे. मॉडेलमध्ये बँक घातली तरी मेहुणा अजून कोणी घातलेला नाही.

प्रश्न : माझे वडील कापड गिरणीत साचेखात्यात होते. ८२ च्या संपानंतर आमच्या घरातली मंदी संपलीच नाही. मॉडेलमध्ये अर्थव्यवस्था काही तिमाह्यांत पूर्वपदावर येते म्हणे. ती कोणाची? (लालबाग)

उत्तर : गिरणी कामगारांची मुलं-मुली वर्षानुवर्षं माझ्या वर्गात होती, त्यामुळे याचं उत्तर थोडं लांबेल.

आधी एक कडू गोष्ट. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. देशाच्या हिशेबात मात्र ती मंदी नव्हती. १९८३-८४ मध्ये भारताचा विकासदर सात टक्क्यांहून अधिक होता. राष्ट्रीय मॉडेल चालवलंत तर गिरणगावाचा खड्डा त्यात दिसणारही नाही. कापडाचं पुष्कळसं काम भिवंडीच्या यंत्रमागांवर गेलं. मीटरांत मोजलं तर कापड विणलं जातच होतं. परळची पगाराची तारीख, त्या पगारावर चालणाऱ्या खानावळी, खानावळींना धान्य देणारे वाणी, ही साखळी तुटली आणि ती भिवंडीत पुन्हा तशी जोडली गेली नाही. तिथे रोजंदारी वेगळी, कायम नोकरी नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. राष्ट्रीय बेरजेत दोन्ही ठिकाणचं कापड सारखंच धरलं जातं.

आता पूर्वपदाची गोष्ट. बहुतेक मॉडेल्समध्ये अर्थव्यवस्थेची एक संभाव्य पातळी धरलेली असते, म्हणजे सगळे कामाला असते तर झालं असतं एवढं उत्पादन. मंदी म्हणजे त्या पातळीखाली पडलेली दरी. काही काळाने दरी बुजते, कारण तशी ती समीकरणात लिहिलेली असते. मंदीमुळे ती पातळीच खाली येऊ शकते हे बऱ्याच मॉडेल्सच्या गावीही नसतं. ब्लांशार आणि समर्स यांनी १९८६ मध्ये युरोपातल्या बेकारीवर लिहिताना हा मुद्दा पुढे आणला. त्याला हिस्टेरेसिस म्हणतात. दीर्घकाळ काम नसलं की हातातलं कसब जातं, ओळखी जातात, नवीन मुलं त्या वाटेला फिरकत नाहीत. मॉडेलमध्ये हा एकच गुणांक असतो. तो शून्य ठेवला तर सगळं भरून निघतं. शून्याच्या वर ठेवला तर नुकसानीचा एक भाग कायमचा राहतो. मी शिकवताना तो शून्य ठेवायला नकार द्यायचे. खिडकीबाहेर गिरण्यांच्या बंद चिमण्या दिसत असताना शून्य कसं लिहिणार?

अलीकडचा पुरावा हवा असेल तर श्रमबल सर्वेक्षण पाहा. देशातल्या कामकऱ्यांपैकी शेतीत असलेल्यांचं प्रमाण कित्येक वर्षं घटत होतं. २०१८-१९ मध्ये ते ४२.५ टक्के होतं, २०१९-२० मध्ये ४५.६ झालं, २०२०-२१ मध्ये ४६.५. या सर्वेक्षणाचं वर्ष तेव्हा जुलै ते जून असे, म्हणून टाळेबंदीचे पहिले महिने २०१९-२० मध्येच आले. हे लोक शेतीत भरभराट होती म्हणून गेले नाहीत. मुंबईत खोलीचं भाडं देणं झेपेना म्हणून साताऱ्याला, कोकणात, बिहारात परतले. त्या एप्रिल-जूनमध्ये शेतीचं उत्पादन ३.४ टक्के वाढलं आणि बांधकाम ५०.३ टक्के घटलं. मॉडेल म्हणेल शेतीने तारलं. घरात पाहिलं तर तेवढ्याच भाकरीवर दोन माणसं वाढलेली.

तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर द्यायचं तर, पूर्वपदावर येते ती बेरीज. आणि ती बेरीज तुमच्या वडिलांना वगळूनही पूर्ण होऊ शकते.

प्रश्न : बाई, मी कलिन्याला, मुंबई विद्यापीठात, एम.ए. करते. ‘मंदीत भारतीय अर्थव्यवस्थेतील बदल : समग्रलक्षी मॉडेलच्या साहाय्याने’ असा प्रकल्प आहे. सगळे म्हणतात डीएसजीई वापर. जमेल का? हातात एक सत्र आहे.

उत्तर : डीएसजीई म्हणजे कुटुंबं आणि कंपन्या पुढचा विचार करून निर्णय घेतात असं धरून, अर्थव्यवस्थेला बसणारे धक्के कसे पसरतात ते मांडणारी मोठी मॉडेल्स. जमेल, पण बरंचसं सत्र दुसऱ्याचा कोड चालू करण्यात जाईल आणि मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न तुझ्या देशाबद्दल विचारतील. स्मेट्स आणि वाउटर्स यांचं २००७ चं नावाजलेलं मॉडेल अमेरिकेच्या सात आकडेमालिकांवर आणि सात प्रकारच्या धक्क्यांवर उभं आहे. आपल्या तिमाही जीडीपीची मालिका १९९६-९७ पासून सुरू होते. २०१९ अखेरपर्यंत शंभराहून कमी तिमाह्या, आणि पूर्ण वर्षाचा जीडीपी घटला असा त्यांत एकही प्रसंग नाही.

म्हणूनच हॅमिल्टन यांची १९८९ ची पद्धतही सांभाळून वापर. तेजी आणि मंदी या दोन अवस्था धरून अर्थव्यवस्था एकीतून दुसरीत कधी जाते ते ती ओळखते. अमेरिकेच्या मालिकेत मंद्या बऱ्याच होत्या, म्हणून तिला शिकायला मिळालं. तुझ्याकडे ती फक्त २०२० वरून शिकेल आणि विषाणूलाच मंदीचा स्वभाव समजेल. वार्षिक आकडे घेऊन मागे गेलीस तर १९५७-५८, १९६५-६६, १९७२-७३ आणि १९७९-८० सापडतील. पण ती दुष्काळाची वर्षं आहेत, आणि शेवटच्यात तेलाचाही भडका. तिथे शेती बुडाली आणि बाकीच्यांना घेऊन गेली. २०२० मध्ये शेती उभी राहिली. या दोन्हींची सरासरी काढून हाती काही लागणार नाही.

मी काय करेन ते सांगते. चार समीकरणांचं लहान मॉडेल घे : उपभोग, गुंतवणूक, महागाई, रेपो दर. ऑक्टोबर-डिसेंबर २०१९ पर्यंतच्या आकड्यांवर गुणांक काढ आणि तिथेच गोठव. मग २०२० ची बाहेरची माहिती त्यात घाल : प्रत्यक्ष सरकारी उपभोगखर्च (एप्रिल-जूनमध्ये १६.४ टक्के वाढला होता), तेलाचा भाव, जागतिक व्यापार. मॉडेल काय म्हणतं ते लिही, शेजारी खरा आकडा लिही. उपभोगात ते किती चुकलं, गुंतवणुकीत किती, महागाईत किती, पुढच्या तिमाह्यांत ही चूक किती वेगाने विरली. तुझा प्रकल्प तोच आहे. २०२० साठी डमी, म्हणजे ते वर्ष वेगळं काढून टाकणारा ०-१ चा चल, टाकून मोकळी झालीस तर विषयच पुसून टाकशील. पूर्ण मालिकेवर गुणांक काढायचेच असतील तर त्या तिमाह्यांपुरता धक्क्यांचा आकार मोठा असू दे, नाहीतर दोन आकडे मिळून उरलेली पंचवीस वर्षं ओढून नेतील.

सरकारी खर्चाचा गुणक, म्हणजे सरकारने एक रुपया खर्च केला की उत्पन्न किती रुपयांनी वाढतं तो आकडा, एकच धरू नकोस. २००८ नंतर युरोपात अंदाजकर्त्यांनी तो ०.५ च्या आसपास धरला होता. नाणेनिधीने २०१२ मध्ये पडताळून पाहिलं तेव्हा तो ०.९ ते १.७ निघाला. खर्चकपातीचा मार धरला होता त्याच्या दुप्पट-तिप्पट बसला होता. मंदीत लोकांचे हात रिकामे असतात, बँका कर्ज देत नाहीत, तेव्हा सरकारी रुपया जास्त फिरतो. तुझ्या मॉडेलमध्ये दोन गुणक ठेवून दोन निकाल दाखव.

संभाव्य पातळी एचपी फिल्टरने, म्हणजे मालिकेतले चढउतार गुळगुळीत करून कल काढणाऱ्या पद्धतीने, काढशील तेव्हा मालिकेच्या टोकाला घोटाळा होतो. पातळी घसरणाऱ्या आकड्यामागे खाली जाते आणि दरी आहे त्याहून लहान दिसते. आणि आकडे कुठल्या दिवशी उतरवले ते प्रत्येक तक्त्याखाली लिही. २०२०-२१ ची घट आधी ७.३ टक्के जाहीर झाली, मग ६.६ झाली, मग ५.८. तिन्ही सरकारीच. तुझं मॉडेल पहिल्याशी ताडलंस की तिसऱ्याशी, यावर ते हुशार की ढ ठरेल.

पहिला मसुदा पाठवशील तेव्हा एक्सेलची फाईलही जोड. नुसते रंगीत आलेख पाठवू नकोस, मी ते उघडत नाही.